रशियन पादत्राणे इंग्रजीत नेताना

रशियनमधून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्याला कायद्यातल्या किंवा यंत्रशास्त्रातल्या संज्ञांपेक्षा पायातल्या वस्तू अधिक अडवतात, असे माझे अनेक वर्षांच्या कामानंतरचे ठाम मत आहे. संज्ञांचे अर्थ दोन्ही भाषांतल्या जाणकारांनी एकमेकांशी ताडून पक्के केलेले असतात. पादत्राणांची नावे मात्र हवामान, चिखल, सैन्य, शाळा आणि घराचा उंबरठा यांनी मिळून घडवलेली असतात, आणि रशियातले हवामान, चिखल व उंबरठा इंग्लंड-अमेरिकेतल्यासारखे नाहीत. माझ्याकडे कधी बुटांच्या कारखान्याचे माहितीपत्रक येते, कधी एखादी कथा येते. दोन्हीकडे अडचण एकच असते. इंग्रजीतला ‘बूट’ हा शब्द इतका मोठा आहे की रशियनमधले निम्मे पादत्राण त्यात सहज मावते, आणि मावल्यावर ओळखू येईनासे होते.

रशियन माणूस पादत्राणाकडे पाहताना पहिला प्रश्न मनातल्या मनात विचारतो तो उंचीचा. पायाच्या नडगीभोवती उभा राहणारा जो नळकांड्यासारखा भाग असतो त्याला ‘गोलेनिश्चे’ म्हणतात. गोलेनिश्चे पोटरी झाकून गुडघ्याकडे जात असेल, तर ते पादत्राण ‘सापोगी’. त्याहून आखूड असेल, तर ‘पोलुसापोगी’, आणि बायकांच्या नाजूक जोडांना लाडाने ‘पोलुसापोझ्की’. घोटा झाकून तिथेच थांबणारे, बहुधा नाडीचे, ते ‘बोतिन्की’. घोट्याच्या खाली राहणारे नाडीचे ते ‘पोलुबोतिन्की’. पायाचा वरचा भाग बराचसा उघडा ठेवणारे ते ‘तूफ्ली’. ही केवळ बोलण्यातली सवय नाही. सोव्हिएत काळात पादत्राणांच्या संज्ञांसाठी ‘गोस्त २३२५१-८३’ हे मानक निघाले आणि त्यातल्या व्याख्याही वरचा भाग पायावर कुठपर्यंत येतो याच हिशेबाने केलेल्या आहेत.

इंग्रजीत या पायऱ्या अशा लागत नाहीत. सापोगी बूट्स, बोतिन्कीही बूट्स. ‘पोलु’ म्हणजे अर्धे, म्हणून ‘पोलुबोतिन्की’चे ‘हाफ-बूट्स’ करण्याचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो. परंतु इंग्रजीतले हाफ-बूट्स घोट्याच्या वर चढतात आणि पोलुबोतिन्की घोट्याच्या खाली राहतात, त्यामुळे माहितीपत्रकातला माल आणि चित्रातला माल वेगळा दिसू लागतो. पोलुबोतिन्की म्हणजे सरळ ‘लेस-अप शूज’. हाफ-बूट्स म्हणायचेच असेल, तर ते पोलुसापोझ्कींना म्हणावे. कथेतही हा भेद महत्त्वाचा असतो. उणे वीस अंशांच्या थंडीत, खेड्याच्या रस्त्यावर, एखादा माणूस बोतिन्की घालून उतरला असे रशियन लेखक लिहितो, तेव्हा तो माणूस शहरातून आला आहे, किंवा त्याच्याकडे दुसरे काही नाही, हे वाचकाला तेवढ्यावरच कळते. इंग्रजीत ‘त्याने बूट्स घातले होते’ असे आले की तो माणूस उलट चांगला तयारीचा वाटतो. अशा ठिकाणी मी ‘थिन टाउन शूज’ असे लिहितो. कोश त्याला मान्यता देणार नाही, पण पात्राची अवस्था त्यातच पोहोचते.

या भेदावर उभे असलेले सर्वांत प्रसिद्ध वाक्य रशियन लेखक गोगोलच्या १८४२ साली आलेल्या ‘ओव्हरकोट’ कथेत आहे. नायकाचे आडनाव बाश्माच्किन. ते ‘बाश्माक’ या शब्दावरून आले हे उघडच दिसते, असे निवेदक गंभीरपणे सांगतो, आणि लगेच पुढे सांगतो की त्याचा बाप, आजा, इतकेच काय मेहुणासुद्धा, झाडून सगळे बाश्माच्किन सापोगीच घालत असत व वर्षातून तीनेक वेळा फक्त तळ बदलून घेत. बाश्माक म्हणजे बुटके पादत्राण आणि सापोगी म्हणजे उंच, हा विरोध डोळ्यांपुढे उभा राहिला तरच या वाक्यातली मजा हाती लागते. इंग्रजीत सुदैवाने ‘शू’ आणि ‘बूट’ असे दोन शब्द आहेत आणि ते इथे नेमके कामी येतात. परंतु त्याच अनुवादात आधी कुठे बाश्माकींना ‘बूट्स’ म्हणून टाकले असेल, तर आडनावाचा विनोद तिथेच मेला. म्हणून लांब साहित्यकृती हाती घेतली की पात्रांच्या पायांत काय आहे याची वेगळी यादी मी पहिल्या वाचनातच करून ठेवतो.

वालेन्कींविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. ज्यांच्या लहानपणी मॉस्कोहून आलेली मराठी अनुवादांची रंगीत पुस्तके घरात होती त्यांनी हे करडे, जाडजूड, गुडघ्याजवळ जाणारे बूट चित्रांत पाहिलेले असतील. हे नाव ‘वाल्यात्’ या क्रियापदावरून आले आहे. लोकर दाबून, मळून तिचा नमदा करणे असा त्याचा अर्थ. पिंजलेल्या मेंढीच्या लोकरीचा थर पसरून त्याचा आधी एक भलामोठा, राक्षसाच्या पायाचा वाटावा असा, मोजासदृश आकार करतात. मग गरम पाणी आणि हातांचा किंवा यंत्राचा मारा यांनी तो आटत, घट्ट होत जातो, आणि शेवटी लाकडी साच्यावर चढवून वाळवतात. त्यात कुठे शिवण नसते. डावा-उजवा असाही भेद नसतो; पाय रुळला की ज्याचा त्याला आकार येतो.

‘फेल्ट बूट्स’ हा रूढ इंग्रजी पर्याय चुकीचा नाही. पण इंग्रजी वाचकाला फेल्ट म्हटले की टोपीचे पातळ, मऊ कापड आठवते, आणि बोटभर जाडीचा, जमिनीवर ठेवला तर आपणहून उभा राहणारा बूट त्याला दिसत नाही. त्यामुळे मी पहिल्या उल्लेखाला ‘वालेन्की’ हा शब्द ठेवतो, त्याच वाक्यात जाडी किंवा ताठपणा दाखवणारे एखादे विशेषण गुंफतो, आणि पुढे निर्धास्तपणे वालेन्कीच लिहितो. तळटीप देत नाही. वाचकाला मजकुरातून खाली उतरवून पुन्हा वर चढवण्याइतका हा शब्द अवघड नाही.

खरी अवघड जागा ‘पोद्शितिये वालेन्की’ ही आहे. ‘पोद्शित्’ या क्रियापदाला कोश ‘कडेला दुमड घालणे’, ‘अस्तर लावणे’, ‘खालून शिवणे’ असे अर्थ देतो, आणि घाईचा अनुवादक ‘लाइन्ड फेल्ट बूट्स’ लिहून मोकळा होतो. वालेन्कीला अस्तर नसते. तळ झिजला की जुन्याच नमद्याचा तुकडा कापून, मेणाच्या जाड दोऱ्याने तो खालून शिवून टाकतात, आणि असे शिवलेले जोड युद्धकाळातल्या व युद्धानंतरच्या मुलांच्या पायांत घराघरांत होते. लेखक ‘पोद्शितिये’ म्हणतो तेव्हा काटकसर आणि कोणाची तरी माया एकाच विशेषणात सांगत असतो. ‘वालेन्की, री-सोल्ड अ‍ॅट होम’ (म्हणजे घरीच नवा तळ शिवलेल्या) एवढे तरी इंग्रजीत आलेच पाहिजे.

वालेन्की कोरड्या बर्फात राजासारखी चालतात, पण बर्फ वितळू लागला की पाणी पितात. म्हणून त्यांवर रबरी ‘गालोशी’ चढवतात. ‘गलोशेस’ हा शब्द इंग्रजीतही आहे, दोन्हीकडे तो फ्रेंचमधून आला, त्यामुळे अनुवाद आयता वाटतो. अमेरिकेत जुन्या काळी त्यांना ‘रबर्स’ म्हणत; तो शब्द आता वापरण्यासारखा राहिलेला नाही, कारण बोलीत त्याला भलताच अर्थ चिकटला आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८६० साली रशियन-अमेरिकन रबर कारखाना निघाला आणि त्याच्या गालोशींनी शहरांतले पाय झाकले. आतून लाल अस्तर असलेले, एकसारखे दिसणारे जोड नाट्यगृहाच्या कपडेघरात अदलाबदल होऊ नयेत म्हणून लोक आत धातूची आद्याक्षरे लावत. हे ठाऊक असले की ‘गालोशींवरच्या अक्षरां’चा उल्लेख आला तर अनुवादक गोंधळत नाही.

नमद्याच्याच कुळातला आणखी एक शब्द सावधगिरीचा आहे. ‘बुर्की’ म्हणजे चामड्याच्या पट्ट्या लावलेले नमद्याचे उंच बूट. गेल्या शतकाच्या तिशी-चाळिशीत ते अधिकारपदाचे चिन्ह मानले जात. ‘बुर्का’ म्हणजे कॉकेशसमधल्या घोडेस्वारांचा नमद्याचा रुंद खांद्यांचा झगा. एकाच प्रत्ययाचा फरक (रशियन ‘व’ म्हणजे ‘मध्ये’): ‘व बुर्काख’ आला माणूस तर बूट, ‘व बुर्के’ आला तर झगा. हा शब्द इंग्रजीत तसाच ठेवावा, तर तिथला वाचक बुरख्यातला पुरुष पाहतो. इथे मूळ शब्द राखण्याचा आग्रह सोडून देणेच शहाणपणाचे आहे.

सैन्यातल्या पायांविषयी मला विशेष आस्था आहे, कारण तिथे चुकीचा इंग्रजी शब्द वाचकाची सहानुभूतीच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवू शकतो. लाल सैन्याच्या शिपायाचे ‘किर्झोविये सापोगी’ हे किर्झा नावाच्या कृत्रिम चामड्याचे. अनेक पदरी सुती कापडावर रबराचे मिश्रण मुरवून ते बनवत. युद्धाच्या पहिल्या वर्षात चामड्याची भीषण टंचाई असताना रसायनतज्ज्ञ इव्हान प्लोत्निकोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी हे कापड वापरण्याजोगे केले आणि १९४२ साली त्यांना त्यासाठी स्टालिन पारितोषिक मिळाले. ‘किर्झा’ या नावाचा संबंध ‘कर्झी’ या इंग्रजी लोकरी कापडाशी जोडला जातो, आणि त्या कापडाचा इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या त्याच नावाच्या खेड्याशी. शब्द इंग्लंडमधून निघाला तरी त्याला त्याच वाटेने घरी पाठवता येत नाही. ‘कर्झी बूट्स’ म्हटले तर लोकरीचे बूट होतील.

मग पुष्कळदा ‘जॅकबूट्स’ हा शब्द योजला जातो. आकाराच्या दृष्टीने तो जवळचा आहे, आणि तरीही मी तो कधीच वापरणार नाही. गेल्या महायुद्धापासून इंग्रजीत जॅकबूट म्हणजे जुलमी सत्तेची टाच. जर्मन सैनिकाच्या पायांसाठी राखून ठेवलेला हा शब्द मॉस्कोपासून बर्लिनपर्यंत चालत गेलेल्या शिपायाच्या पायांत घालणे म्हणजे त्याला त्याच्याच शत्रूचे रूप देणे होय. रशियन घरांत किर्झाचे बूट म्हटले की आजोबा आठवतात, सैन्यातली दोन वर्षे आठवतात, बटाट्याच्या शेतातला चिखलही आठवतो, कारण हे बूट पुढे खेडोपाडी सर्रास वापरले गेले. ‘कोर्स आर्मी बूट्स’ हे शब्द साधे आहेत, पण ते कोणावर अन्याय करत नाहीत.

या बुटांच्या आत मोजे नसत. ‘पोर्त्यान्की’ असत, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब कापडाचे तुकडे, उन्हाळ्यात सुती, हिवाळ्यात लवदार. कापड पसरून त्यावर पाऊल तिरपे ठेवायचे, आखूड टोक बोटांवरून घेऊन तळव्याखाली खोचायचे, मग लांब टोक पावलाभोवती, टाचेभोवती आणि घोट्याभोवती सुरकुती न पडू देता गुंडाळत न्यायचे. एक जरी चुणी राहिली, तरी काही किलोमीटरांत पायाला फोड येतात. ओले झाले की उलटे गुंडाळायचे: नडगीवरचे कोरडे टोक पावलाला येते आणि भिजलेला भाग वर जाऊन अंगाच्या उबेने वाळतो. ही सोय मोज्यात नाही, म्हणूनच ही चाल इतकी टिकली. २०१३ च्या जानेवारीत संरक्षणमंत्री सेर्गेई शोइगू यांनी वर्षअखेरीपर्यंत पोर्त्यान्की हा शब्दच विसरून जा असे सांगितले, तोवर त्या रशियन सैन्यात होत्या.

इंग्रजीत त्यांना ‘फुटक्लॉथ्स’ किंवा ‘फुट रॅप्स’ म्हणावे. मला पहिला शब्द अधिक आवडतो, कारण त्यात कापड दिसते. ‘पटीज’ मात्र म्हणू नये. हा इंग्रजी शब्द आपल्या ‘पट्टी’वरून गेलेला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यातले शिपाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बाहेरून जी पट्टी गुंडाळत ती ही. पोर्त्यान्की बुटाच्या आत, पट्टी बुटाच्या वर. रशियनमध्ये अशा पट्टीला ‘ओब्मोत्की’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि सापोगी न मिळालेल्या पायदळाला बोतिन्की व ओब्मोत्कीवर भागवावे लागे. युद्धकथेत एकाला सापोगी आणि दुसऱ्याला ओब्मोत्की मिळाल्याचा उल्लेख येतो तो नशिबाचा उल्लेख असतो, आणि भारतीय अनुवादकाला तरी ही जागा चुकायला नको.

घरातली पादत्राणे दिसायला सोपी आहेत. ‘तापोच्की’ म्हणजे ‘स्लिपर्स’. परंतु रशियन दारात पाहुण्याने बूट काढायचे असतात आणि यजमानीणबाईंनी त्याच्यासाठी तापोच्की पुढे करायच्या असतात. ते स्वागत आहे. इंग्रजी कादंबरीतला माणूस स्लिपर्समध्ये असतो तो स्वतःच्या शेकोटीपाशी, एकटा. त्यामुळे ‘तिने त्याला स्लिपर्स दिल्या’ हे वाक्य इंग्रजीत नको तितके जवळिकीचे वाटू शकते. ‘गेस्ट स्लिपर्स’ असे म्हटले की तो ताण निघून जातो. उलट मराठीत हे फार सहज उतरते, कारण दाराशी वहाणा काढणे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही आणि घरात घालायच्या सपाता आपल्याकडेही आहेत. ‘पांढऱ्या तापोच्कीं’चा उल्लेख आला तर मात्र थांबावे: प्रेताला शवपेटीत पांढऱ्या तापोच्की घालत, आणि ‘तुला शवपेटीत पांढऱ्या तापोच्कींत पाहिले’ हा जळजळीत तुच्छतेचा उद्गार आहे.

शाळेतली ‘स्मेन्का’ इंग्रजीत जवळजवळ बेघर आहे. बाहेरच्या बर्फाचा व मिठाचा चिखल वर्गात येऊ नये म्हणून प्रत्येक मूल पिशवीतून दुसरा जोड आणते आणि दाराशी बदलते. तो जोड म्हणजे स्मेन्का, शब्दशः ‘बदली’. ती विसरलेल्या मुलाला दारातच अडवतात. ‘इंडोअर शूज’ने वस्तू कळते, पण विसरण्याची धास्ती कळत नाही, म्हणून पिशवीचा उल्लेख मी जपून ठेवतो, नसेल तर वाक्यात आणतो.

बाहेरच्या देशांच्या नावांवरून रुळलेल्या शब्दांना फार वेळ द्यावा लागत नाही. ‘केदी’ हे ‘केड्स’ या अमेरिकन नाममुद्रेवरून आले. ‘चेश्की’ म्हणजे मुलांच्या कवायतीच्या मऊ सपाता, नावाने ‘चेक बायका’. ‘व्येत्नाम्की’ म्हणजे व्हिएतनामी, आणि वस्तू तीच जिला आपण हवाई चप्पल म्हणतो. इंग्रजीत या सर्वांसाठी शब्द आहेत, फक्त ब्रिटिश की अमेरिकन हे आधी ठरवावे लागते, कारण ‘प्लिमसोल्स’ आणि ‘स्नीकर्स’ एकाच पानावर नांदत नाहीत. रबरी सापोगींना ‘वेलिंग्टन्स’ म्हणणे मला खटकते. व्होल्गाकाठच्या शेतकरणीच्या पायांत इंग्रज उमरावाचे नाव कशाला? ‘रबर बूट्स’ पुरे.

व्यापारी कामात वेगळेच सापळे असतात. ‘श्पिल्का’ म्हणजे केसांतला आकडा आणि ‘स्टिलेटो’ टाचही. ‘तान्केत्का’ म्हणजे छोटा रणगाडा, बुटांत मात्र ‘वेज’. ‘लोदोच्की’, छोट्या होड्या, म्हणजे ब्रिटनमध्ये ‘कोर्ट शूज’ व अमेरिकेत ‘पंप्स’. ‘सुपिनातोर’ला तसेच इंग्रजीत नेले, तर तो हातातला स्नायू होतो, हवे असते ते ‘आर्च सपोर्ट’. ‘देमिसेझोन्नाया’ पादत्राणे ही ‘डेमी-सीझन’ नव्हेत, ती वसंत आणि शरद यांची. आणि ‘बोसोनोझ्की’ अनेकवचनात असल्या तर त्या पट्ट्यांच्या सँडल्स; एकवचनात ‘बोसोनोझ्का’ ही अनवाणी स्त्रीही असते, आणि नर्तिका इझाडोरा डंकनला रशियात याच शब्दाने ओळखत.

लापतींचे, म्हणजे लिंडन झाडाच्या अंतर्सालीच्या पट्ट्यांनी विणलेल्या शेतकरी जोडांचे, इंग्रजी ‘बास्ट शूज’ हे नाव अचूक आणि निर्जीव आहे. ‘बास्ट’ म्हणजे काय हे आजच्या इंग्रजी वाचकाला क्वचितच ठाऊक असते. मी ‘वोव्हन बार्क शूज’ कडे झुकतो. वनस्पतिशास्त्रज्ञ नाराज होतील, पण विणकाम दिसेल. म्हणींत तर वस्तू सोडूनच द्यावी लागते. दारूने झिंगलेल्याबद्दल ‘त्याला सालही विणता येत नाही’ असे म्हणतात, कारण साल विणणे हे खेड्यातले सर्वांत सोपे काम समजले जाई. इंग्रजीत तिथे न उभे राहता येणारा माणूस आणावा. ‘दोन सापोगी म्हणजे जोडी’ ही म्हण चेष्टेने, दोघेही तसलेच अशा अर्थी वापरतात. इंग्रजीतल्या ‘टू ऑफ अ काइंड’मध्ये तिची धार बोथट होते. मराठीत ‘एकाच माळेचे मणी’ म्हटले की काम झाले, आणि रशियनमधून थेट मराठीत करणाऱ्यांनी ही सवलत इंग्रजीच्या वळणाने जाऊन घालवू नये.